पुढे झुकलेलं घर

१

शनिवारी सकाळी मी पोहे भिजवत होतो, तेवढ्यात सुश्रुतचा फोन आला.

"सतीशदादा, मृदुलाताई आहे का जवळ? आईच्या अस्थी घरातून गेल्या."

"गेल्या म्हणजे काय?"

"म्हणजे नाहीत. काल संध्याकाळी होत्या, आज जागेवर नाहीत. आणि उद्या बाबांचं आणि अमूचं विमान आहे."

पोहे तसेच राहिले. आता पोह्यांचं काय घेऊन बसायचं?

मालिनीकाकू म्हणजे सुश्रुतची आई. त्या आणि श्रीधरकाका पावसाळ्यानंतर लेकाकडे इथे हॉलंडात, लायडनला आले. थोड्याच दिवसांत काकूंचा आजार निघाला आणि पुन्हा विमानात बसण्याजोग्या त्या झाल्याच नाहीत. जानेवारीत गेल्या. इथे दहनानंतर महिनाभर अस्थी हाती देत नाहीत, तसा कायदाच आहे. त्या या गुरुवारी मिळाल्या आणि शनिवारी सकाळी कपाट रिकामं.

मृदुला म्हणजे माझी बायको. तिचं काम जुनी घरं तपासण्याचं. कालव्याकाठचं दोन-अडीचशे वर्षांचं घर विकत घ्यायच्या आधी लोक तिला बोलावतात, मग ती भिंती ठोकत, फरशा मोजत दिवसभर फिरते. "घर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात" हे तिचं ठरलेलं वाक्य, लग्न झाल्यापासून ऐकतोय. पोलिसांत जायचं तर सुश्रुत सांगणार काय? माझ्या आईची राख माझ्याच बहिणीनं चोरली असं वाटतंय म्हणून? तेव्हा त्यानं मृदुलाला बोलावलं.

"मोजायची फीत घे," एवढंच ती म्हणाली, आणि आम्ही सायकली काढल्या. धुकं इतकं होतं की पुलावरून खालचं पाणीसुद्धा दिसेना.

२

सुश्रुतचं घर भाड्याचं. मालक हेंड्रिक, ऐंशीचा एकटा म्हातारा, तळघरात राहतो. इंग्लंडात असतं तर या घराला जॉर्जियन म्हटलं असतं, असं मृदुला सांगते: त्याच अठराव्या शतकातलं, तसंच रांगेतलं, शेजारच्या घराशी भिंत वाटून घेतलेलं. खालच्या मजल्याच्या खिडक्या दारापेक्षा उंच, आणि वर जावं तशा त्या बुटक्या होत जातात, कारण खाली शेठजी राहायचे आणि वर नोकर. जिना मात्र अस्सल डच, म्हणजे शिडीच. पहिल्यांदा चढलो तेव्हा माझे गुडघे देवाचं नाव घेत होते.

दिवाणखान्यात तिघं तीन कोपऱ्यांत उभी होती. सुश्रुत, त्याची बायको संहिता, आणि आइंडहोव्हनहून शुक्रवारी आलेली धाकटी बहीण अमृता. पुढची आणि मागची खोली यांच्यामध्ये सरकती दारं, आणि दारांच्या दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. डावीकडच्या कपाटात काकूंचा फोटो होता, निरांजन होतं, आणि मधली जागा रिकामी होती. लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढा डबा तिथे होता.

"काल संध्याकाळी निरांजन लावलं तेव्हा होता," संहिता म्हणाली. "आज सकाळी नाही."

"आणि बाहेर कुणीच गेलेलं नाही," सुश्रुत म्हणाला. "दारावर कॅमेरा आहे. मागे अंगण नाही, नुसती भिंत."

"कुणीच नाही कसं, दादा? तू गेलास की! सकाळी सातला, पाठीवर सॅक लावून. मी पाहिलंय रेकॉर्डिंग."

सुश्रुतचा चेहरा उतरला. भांडण मला ठाऊक होतं. अमृताला अस्थी वाईला न्यायच्या होत्या, कृष्णेत. सुश्रुतला त्या इथेच हव्या होत्या, काटवाइकच्या समुद्रात. "मी इथे राहतो. मला जाऊन उभं राहायला कुठेतरी जागा नको?" असं तो आमच्याकडे येऊन रडला होता. दोघंही खरी, त्यामुळे माघार कोण घेणार?

"आणि वहिनी तर काल मी आल्या आल्याच म्हणाली," अमृता थांबेना, "त्या कपाटाकडे बघवत नाही म्हणून."

"बघवत नाही म्हणजे नको असं नव्हे गं!" संहिताचा आवाज चिरकला. "चार महिने मी त्यांना भरवलंय."

"पुरे," मृदुला म्हणाली. "काका कुठे आहेत?"

तिघांनी एकदम जिन्याकडे पाहिलं. मग सुश्रुत हळू आवाजात म्हणाला, "वर, त्यांच्या खोलीत. ताई, एक अट आहे. बाबांना यातलं काही माहीत नाही, आणि काही विचारायचं नाही. डबा हरवलाय हे कळलं तर ते जातील. आम्ही सगळं दार लावून, इंग्रजीत बोलतोय."

या एका बाबतीत तिघांचंही एकमत होतं.

३

मृदुलानं एकेकाला मागच्या खोलीत घेतलं. मी चहा देण्याच्या निमित्तानं आत-बाहेर करत राहिलो. नवरा म्हणून माझा तेवढाच उपयोग.

सुश्रुतनं आढेवेढे घेतले नाहीत. "हो, काटवाइकला गेलो होतो. सॅकमध्ये रेनकोट होता. जागा बघायची होती, आईला आवडली असती का ते. धुक्यात समुद्र दिसलाच नाही. नुसता आवाज ऐकत बसलो आणि परत आलो." त्याच्या बुटांवर अजून वाळू होती. ती त्यानं लपवली नव्हती, झटकलीही नव्हती.

संहितानं हात पुसत पुसत सांगितलं, "काल संध्याकाळी बाबांना खाली आणलं होतं. ते पुढच्या खोलीत फोटोसमोर बसले. आम्ही तिघं मागे, दार ओढून भांडत. मग मीच त्यांना वर पोचवलं. एकटे जिना चढत नाहीत ते, गुडघा धरतो. आईंची सोलापुरी चादर छातीशी धरली होती, तिच्याशिवाय हलत नाहीत हल्ली. म्हटलं, द्या बाबा, मी घेते, तर नको म्हणाले."

"मग?"

"मग काय, खोलीत सोडून खाली आले. थोड्या वेळानं जेवण घेऊन गेले तर खोली बर्फासारखी गार. हीटर वाढवून आले."

"डब्याला तू हात लावला होतास कधी?"

ती रडायला लागली. "एकदाही नाही. मला भीती वाटते ताई, काय करू? बाबांनीही ऐकलं होतं मी तसं म्हणाले ते. काय वाटलं असेल त्यांना?"

अमृताची मोठी बॅग पलंगाखाली होती आणि ती उघडायला तयार नव्हती. "माझ्यावर संशय? मी तर उद्या हक्कानं नेणारच होते! चोरेन कशाला?"

"दादा विमानतळावर अडवेल म्हणून," मृदुला शांतपणे म्हणाली. "उघड."

तिनं रागारागानं चेन ओढली. कपड्यांच्या घड्यांखाली हवाबंद पिशवीत एक फिकट निळा गाऊन होता, न धुतलेला. काकूंचा.

"वास आहे अजून," अमृता म्हणाली. "वहिनी मशीनला लावेल म्हणून घेतला. झालं समाधान?"

मृदुलानं स्वतःच्या हातानं बॅग बंद केली.

४

मग घराची पाळी आली. तळमजल्यापासून माळ्यापर्यंत आम्ही फीत धरून फिरलो. मागच्या खोलीत आतलं माप बाहेरच्या मापापेक्षा हातभर कमी भरलं आणि मृदुलाचे डोळे चमकले. लाकडी फळी ठोकली, पोकळ आवाज आला. सुश्रुतनं पटाशीनं ती उचकटली. आत जुन्या काळची भिंतीतली निजायची खोबण निघाली. तिच्यात धूळ, कोळिष्टकं आणि एक तुटकी मेणबत्ती. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही. फळीवरच्या रंगाला तर तडाही नव्हता, म्हणजे कित्येक वर्षांत ती कुणी उघडलेलीच नव्हती.

माळा रिकामा होता. तिथलं रस्त्याकडचं दोन फळ्यांचं दार आतून कडी घातलेलं आणि कडीवर गंज.

खाली हेंड्रिक त्याच्या दारात पाईप घेऊन उभा होता. मृदुला त्याच्याशी डचमध्ये बोलली.

"काल संध्याकाळी काही ऐकलंत?"

"भांडण ऐकलं. रोजचंच. आणि एक सीगल." त्यानं पाईप तोंडातून काढला. "विचित्र ओरडत होता. ओरडायचा, थांबायचा, पुन्हा ओरडायचा, अगदी तालात. मग बंद."

"तो वरचा दोर तुम्ही काढला नाहीत अजून?"

"कसा काढू? सोमवारी खाट उतरवायचीय."

मला कळेना, हे काय चाललंय. मृदुलानं सांगितलं. या घरांचे जिने इतके अरुंद की जड सामान त्यातून जातच नाही. म्हणून छपराखाली, दर्शनी भिंतीतून बाहेर आलेला एक वासा असतो आणि त्याला हूक. हुकाला कप्पी लावायची, दोर ओवायचा आणि सामान खिडकीतून आत घ्यायचं. काकूंची दवाखान्यातली खाट अशीच वर चढवली होती. आता भाड्यानं आणलेली ती खाट परत जायची, म्हणून दोर ठेवलेला.

"तुमचा म्हातारा त्या दिवशी फार खूश झाला होता," हेंड्रिक म्हणाला. "कप्पीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. मला भाषा कळत नाही, पण हातांनी पाणी शेंदून दाखवलं."

मृदुलानं फीत गुंडाळून खिशात टाकली. म्हणजे तिचं मोजणं संपलं, हे मी ओळखतो.

५

"काकांना भेटून येते," ती म्हणाली.

"ताई, अट—" सुश्रुत.

"भिंतीला ओल आली आहे का ते बघायचंय. अस्थींचं नावही काढणार नाही."

काका खुर्चीत बसले होते, खिडकीशी. या मजल्याची खिडकी बुटकी. बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर. शेजारी ती लोखंडी खाट, गादी गुंडाळलेली, आणि तिच्यावर घडी घातलेली सोलापुरी चादर. खोलीत हीटर चालू असून गारठा होता. खिडकीच्या पट्टीवर पाणी साचलेलं.

"ये पोरी," काका म्हणाले. "सतीश, बैस. खाली काय चाललंय रे सकाळपासून? दार लावून इंग्रजीत भांडतात. इरिगेशनमध्ये पस्तीस वर्षं इंग्रजीत फायली लिहिल्या मी, यांना वाटतं म्हाताऱ्याला कळत नाही. कुठे सोडायच्या यावरून ना?"

"तसंच काहीतरी," मृदुला म्हणाली.

"भांडू देत. आईवरून भांडतात, जमिनीवरून नाही, हेच पुष्कळ." त्यांनी बाहेर पाहिलं. "मृदुला, तुझ्या फोनवर हवामान कळतं ना? उद्यापर्यंत पाऊस नाही ना?"

"नाही काका. नुसतं धुकं."

"मग बरं."

मृदुला पट्टीवरचं पाणी पुसत होती. "काका, तुमचं उपरणं कुठे आज? नेहमी गळ्यात असतं."

"आहे, आहे," काका म्हणाले. "कामात आहे."

आम्ही खाली आलो. जिन्यात मृदुलानं माझा दंड धरला.

"सतीश, तुझे आजोबा गेले तेव्हा अस्थी कुठे ठेवल्या होत्या?"

"गावाला? गोठ्यामागच्या बाभळीला टांगल्या होत्या. घरात कुठे आणतात अस्थी?" हे बोललो आणि मीच वळून काकांच्या खोलीकडे पाहिलं.

६

तिनं तिघांना कोट घालायला लावले आणि पुलावरून कालव्याच्या पलीकडे नेलं. दुपार झाली होती, धुकं थोडं उठलं होतं.

"गुरुवारी डबा घरी आणलात, तेव्हा काका काय म्हणाले?" तिनं विचारलं.

सुश्रुतनं आठवलं. "एकच शब्द म्हणाले. 'घरात?' मी म्हटलं, हो बाबा, घरातच, आपल्याजवळ. मला वाटलं त्यांना बरं वाटलं."

"तुम्ही दोघं पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलात. काका वाईजवळच्या खेड्यातले. त्यांच्याकडे अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. गाठोड्यात बांधून बाहेर झाडाला टांगतात, नदीला जाईपर्यंत. तुम्ही त्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवल्यात. ते तुम्हाला काही बोलले नाहीत, पण त्यांना ते सहन कसं होणार? या दाराशी झाड कुठे आहे?"

"पण बाबा तर—" संहिता म्हणाली.

"काल तूच त्यांना हाताला धरून वर नेलंस. चादरीत डबा होता. तुला भीती वाटते म्हणून त्यांनी तुझ्या हातात दिला नाही. मग खिडकी वर सरकवली, म्हणून खोली गार पडली आणि पट्टी भिजली. दोर खिडकीशेजारीच बांधलेला आहे, माळ्यावर जायची गरजच नाही. लहानपणी रहाटावर पाणी ओढलेला माणूस तो. हेंड्रिकनं ऐकला तो सीगल नव्हता, कप्पी कुरकुरत होती. उपरणं कामात आहे, असं काका म्हणाले. आणि पावसाची काळजी कशाला करत होते, ते आता बघा."

तिनं वर बोट केलं.

ही घरं मुद्दाम रस्त्याकडे थोडी झुकलेली बांधतात, वर चढवलेलं सामान भिंतीला घासू नये म्हणून. त्यामुळे दारात उभं राहून वर पाहिलं तर वरचं काही दिसत नाही. पलीकडच्या काठावरूनच घर पुरतं दिसतं. अख्ख्या रांगेत प्रत्येक घराच्या माथ्याला एकेक वासा होता, रिकामा. आमच्यासमोरच्या घराच्या वाशाला एक पांढरं गाठोडं लटकत होतं, काकांच्या उपरण्यात बांधलेलं. काकूंच्या खिडकीच्या बरोबर वर.

सकाळपासून आम्ही पाच जण, काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि ज्याच्यापासून लपवत होतो, तो एकटाच सांगू शकला असता. त्याला एकानंही विचारलं नव्हतं.

अमृता मोठ्यानं रडायला लागली. सुश्रुतनं तिला जवळ घेतलं. संहिता दूर उभी होती. अमृतानंच हात लांब करून तिला ओढलं.

७

"अरे, मग मला विचारायचं की!" काका म्हणाले. "हरवायला काय झालं? बाहेर असतात अस्थी, हे काय सांगायला पाहिजे?"

"चुकलं बाबा," सुश्रुत म्हणाला.

"तुमचं काय चुकलं? तुम्हाला शिकवलं कुणी? आम्हीच नाही शिकवलं." ते खिडकीकडे वळले. "शिवाय तिची खोलीच ही. चार महिने इथून हलली नाही. आत कोंडून घातल्यासारखी होती, म्हटलं आता तरी बाहेर राहू दे."

संहितानं पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ.

सुश्रुत दोर सोडायला लागला. गाठोडं खिडकीसमोर आलं तसा त्यानं आत घेण्यासाठी हात पुढे केला.

"आत नको," काका म्हणाले. "उद्या जायचंच आहे. खाली सोड."

अमृता आणि संहिता धावत खाली गेल्या. सुश्रुत आणि मी दोर धरून हळूहळू सोडत होतो. कप्पी कुरकुरत होती. गाठोडं वरच्या बुटक्या खिडकीसमोरून निघालं, मधल्या खिडक्यांसमोरून उतरलं, खालच्या उंच खिडक्यांवरून गेलं, भिंतीला एकदाही लागलं नाही. खाली दोघींनी ओढण्या एकावर एक पसरून ते झेललं. डब्याला हात लावायला भिणारी संहिताच पुढे होती. हेंड्रिकनं टोपी काढली होती.

मग काका जिना उतरले. उलटे, शिडी उतरतात तसे, खालून सुश्रुत त्यांची पावलं पायरीवर ठेवत होता. कालव्याकाठच्या बाकावर गाठोडं ठेवलं होतं, काका त्याच्या शेजारी बसले. पाण्यावर दोन बदकं होती. त्या दिवशी काटवाइकचं नाव निघालं नाही, आणि वाईचंही नाही.

"रोज म्हणायची," काका म्हणाले, "एकदा खाली न्या हो, त्या बाकावर बसते. मी म्हणायचो, जिना कसा उतरशील? उन्हाळा येऊ दे, अंगात ताकद येऊ दे. शेवटी चार जणांनी उतरवली, तेव्हा डोळे मिटलेले होते." त्यांनी गाठोड्याची गाठ उगीच सारखी केली. "काल तो दोर ओढताना माझ्या डोक्यात आलं. एवढी लोखंडी खाट या दोरानं वर आली. माझ्या डोळ्यांदेखत आली रे. खाट वर येते, तर माणूस खाली येणार नाही? खुर्चीत बसवून, नीट बांधून, अलगद सोडली असती की आपण तिला! इरिगेशनमध्ये कप्प्यांवर आयुष्य काढलं मी. आणि हे मला तेव्हा सुचलं नाही."

मृदुला त्यांच्या पलीकडे जाऊन बसली. काकांनी गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचं तोंड पाण्याकडे केलं.